मनाच्या आजारावर स्थानिक संस्थेने आधीच पैसे घालावेत का? मतं हवीत

निशिगंध:
रस्ते, पाणी, कचरा, दिवाबत्ती यावर स्थानिक संस्था खर्च करतात ते कुणाला खटकत नाही. डासांची फवारणी करतात, लसीकरण करतात, म्हणजे आजार व्हायच्या आधी पैसा घालायचा हे तत्त्व सगळ्यांना मान्यच आहे. पण मनाच्या आजाराचं नाव काढलं की लगेच ते हॉस्पिटलचं काम, वरच्या सरकारचं काम, असं का होतं हे मला कळत नाही.

जगभरातली सरकारं आरोग्यावर जो खर्च करतात त्यातले साधारण २ टक्के मानसिक आरोग्याला जातात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत त्यातलाही मोठा वाटा मनोरुग्णालयांतच संपतो. दुसरीकडे अमेरिकेतल्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात दिसलं की आयुष्यात कधीतरी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांचा आजार वयाच्या १४ पर्यंत सुरू झालेला असतो आणि तीन चतुर्थांशांचा २४ पर्यंत. म्हणजे आजार सुरू होतो शाळा-कॉलेजच्या वयात आणि पैसा जातो तो पुढे कितीतरी वर्षांनी, माणूस पार मोडल्यावर. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

माझं म्हणणं, बजेटमध्ये यासाठी वेगळा हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं हवं, त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये, आणि तो हेड स्थानिक पातळीवरच हवा, कारण पोराचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा शाळेतल्या बाईंना कळतं, खेळाच्या सरांना कळतं, लस द्यायला घरी येणाऱ्या नर्सला कळतं, राजधानीतल्या खात्याला नाही.

कातळ:
पूर्ण विरोध. आणि हे मी बाहेर उभं राहून बोलत नाहीये, माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे.

त्याला काय लागतं ते सांगतो. दर महिन्याला इंजेक्शन द्यायला नर्स, त्रास वाढला की एक बेड, आईवडील थकल्यावर राहायला जागा आणि दिवसातले चार तास जमेल असं काम. यातलं एकही धड मिळत नाही. आणि प्रतिबंधाच्या नावाने पैसा आला की त्याची पोस्टर लागतात, रॅली निघते, शाळेत दोन तासांचं व्याख्यान होतं, फोटो निघतात. भावाच्या वाट्याला त्यातलं काय आलं?

शाळेत सरसकट सगळ्या मुलांना काहीतरी शिकवलं की आजार टळतो याचा पुरावाही तुम्ही समजता तेवढा भक्कम नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसचा (मन आत्ताच्या क्षणावर ठेवायचा सराव) मोठा प्रयोग झाला, २०२२ साली निष्कर्ष आले, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काहीही जास्त फायदा नाही. एवढ्या पैशात किती नर्स आल्या असत्या? आधी जे आजारी आहेत त्यांचं बघा, उरलं तर बाकीचं.

शाळामास्तर:
कातळ, तुमची कळकळ समजते, पण "उरलं तर" म्हणालात ना, ते कधीच उरत नाही हो. उपचाराची गरज संपतच नाही कारण मागून नवीन येणारे थांबत नाहीत.

मी नववी-दहावीला शिकवतो. एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. हळूहळू वहीतल्या ओळी खाली घसरायला लागल्या, मग पानंच्या पानं कोरी, मग डबा न उघडता परत न्यायला लागली. मला दिसत होतं. पण पुढे काय करायचं? पालकांना बोलावलं तर ते म्हणाले अभ्यास टाळायची नाटकं आहेत. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आठवड्यातून एकदा, ती पण शाळेच्या वेळेत, आणि तिथे जायचं म्हणजे सगळ्या गावाला कळणार या भीतीने घरचे तयार होईनात. मला फोन करून विचारता येईल, येऊन तिच्याशी बोलेल असा एक माणूस हवा होता. मी पोस्टर मागतच नाहीये.

हिशेबी:
मी नोकरीभर स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात होतो त्यामुळे थोडं पैशाच्या बाजूने. वेगळा हेड केला की काम झालं असं वाटत असेल तर कॅलिफोर्नियाचं उदाहरण बघा. तिथे २००४ साली लोकांनी मतदान करून कायदा केला, १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर १ टक्का जादा कर आणि तो पैसा मानसिक आरोग्याला, बराचसा काउंटींमार्फत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). त्यात साधारण पाचवा हिस्सा प्रतिबंध आणि लवकर हस्तक्षेपासाठी (लक्षणं दिसायला लागताच मदत) बांधलेला. म्हणजे निशिगंध म्हणतात तसंच अगदी. आणि २०१८ मध्ये राज्याच्या ऑडिटरने काय सांगितलं, २०१५-१६ अखेर स्थानिक यंत्रणांकडे अडीच अब्ज डॉलर न खर्चता पडून होते. रस्त्यावर आजारी माणसं आणि खात्यात पैसा.

शेवटी २०२४ मध्ये पुन्हा मतदान झालं, निसटत्या बहुमताने वाटणी बदलली. आता काउंटीच्या निधीतला ३० टक्के भाग बेघर आजारी लोकांच्या घरांसाठी, आणि सरसकट लोकसंख्येसाठीचा प्रतिबंध राज्याकडे गेला. लवकर हस्तक्षेप मात्र काउंटीकडेच ठेवलाय. हेड नुसता राखीव करून भागत नाही, तो खर्च करणारी माणसं, भरतीची मंजुरी, तीनचार वर्षांची हमी हे नसेल तर अधिकारी हात लावत नाहीत, कारण पुढच्या वर्षी पैसा आला नाही तर पगार कुठून देणार हा प्रश्न त्याच्याच टेबलवर येतो. माणसं नेमण्यापेक्षा कार्यक्रम करणं सोपं असतं, बिल लागलं, फाइल बंद. कातळ म्हणतात ती रॅली अशी निघते, त्यात कुणाची वाईट नियत असते असं नाही.

निशिगंध:
हिशेबी, अडीच अब्ज पडून राहिले हे वाईटच, पण त्यावरून पैसा देऊ नये असं नाही ना निघत, नीट खर्च करायची सोय करा असं निघतं.

कातळ, प्रतिबंध म्हणजे व्याख्यान हे समीकरण मलाही नको. स्थानिक संस्थेने केलेलं खरं काम झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेमध्ये बघा. तिथल्या शहराच्या आरोग्य विभागाकडे आधीपासून आरोग्यसेविका होत्या, बऱ्याचशा आजी वयाच्या. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून त्यांनाच शिकवायला घेतलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी बसलेली, येणाऱ्याला १४ प्रश्न विचारते, झोप लागते का, रडू येतं का, मरावंसं वाटतं का, आणि मग त्याच्या अडचणींतली एक निवडून पुढच्या भेटीपर्यंत काय करता येईल ते दोघं मिळून ठरवतात. २०१६ मध्ये २४ दवाखाने आणि ५७३ रुग्णांचा अभ्यास छापून आला, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांत नैराश्याची लक्षणं जवळपास १४ टक्के लोकांत उरली होती आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांत ५० टक्के. शहरात मानसोपचारतज्ज्ञ बोटावर मोजण्याइतके असताना हे झालंय.

आणि आइसलँड. १९९८ मध्ये तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती, २०१६ मध्ये ५ टक्के. मुलांना उपदेश करून नाही झालं ते. राजधानी रेक्याविकची महापालिका प्रत्येक मुलामागे खेळ-संगीताच्या क्लाससाठी पैसे देते, पालक रात्री वस्तीत फेरी मारतात, दरवर्षी शाळाशाळांत सर्व्हे होतो आणि त्या त्या वस्तीचे आकडे तिथल्याच लोकांपुढे ठेवतात. हे काम स्थानिक संस्थेशिवाय कोण करणार?

कातळ:
आजींचं उदाहरण चांगलंच आहे, पण बाकावर जे आले त्यांना आधीच त्रास होत होता. तो उपचार झाला, त्याला प्रतिबंध का म्हणता? आणि आइसलँडमध्ये दारू कमी झाली, उत्तम, पण त्याने स्किझोफ्रेनिया किती टळला? सगळं एका टोपलीत भरता आणि गंभीर आजारी माणूस तळाशी जातो, माझी तक्रार हीच आहे.

अबोली:
मी मानसशास्त्रज्ञ आहे, वस्तीपातळीवर काम करते. कातळ यांचा हा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्याच क्षेत्रातले लोक इथे गोंधळ घालतात. सगळ्यांसाठी केलेला कार्यक्रम वेगळा, जोखीम असलेल्यांसाठीचा वेगळा, पहिली लक्षणं दिसल्यावरचा वेगळा. पुरावा तिसऱ्याचा सगळ्यात चांगला आहे आणि पैसा बहुतेक ठिकाणी पहिल्यावर उडतो, कारण त्यात डोकी जास्त मोजता येतात.

लवकर केलं म्हणजे चांगलंच झालं असंही नाही. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत प्रत्येकाला सगळं सविस्तर बोलायला लावायचं, याला डिब्रीफिंग म्हणतात, ते वर्षानुवर्षं सगळीकडे चाललं, नंतर अभ्यास एकत्र करून बघितल्यावर कळलं की त्याने पुढचा त्रास टळत नाही, एका अभ्यासात तर उलट वाढलेला दिसला. म्हणून प्रत्येक उदास मुलाला आजाराचं लेबल लावणाऱ्या योजनेला माझा विरोध आहे, लेबल न लावता बसून बोलणाऱ्या माणसाला नाही.

कातळ, एक विचारू का, नाही सांगितलंत तरी चालेल. भावाचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं होतं?

कातळ:
सांगतो. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. आधी मित्र तुटले. मग खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्र चिकटवायला लागला, कडा सेलोटेपने बंद, एक फटसुद्धा नको. विचारलं तर म्हणायचा समोरच्या बिल्डिंगमधल्यांना माझ्या डोक्यातलं ऐकू जातं. आम्ही परीक्षेचं टेन्शन समजलो, मग कुणी म्हणालं नजर लागली, मग जागा बदलून बघितली. डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्याने जेवण सोडलेलं होतं, अन्नात काहीतरी घालतात म्हणून. एक वर्षाच्या वर गेलं सगळं मिळून.

अबोली:
सांगितलंत त्याबद्दल आभार. यात घरच्यांचा दोष नाही, बहुतेक घरांत असंच होतं.

नॉर्वेच्या रोगालांड भागात नेमकं यावरच काम झालं. रेडिओवर, वर्तमानपत्रांत, शाळांत सतत माहिती दिली आणि जोडीला एक पथक ठेवलं, कुणीही फोन केला की लगेच येऊन भेटणारं. सायकोसिस (भास, खोट्या समजुती, वास्तवाशी नातं तुटणं) सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा मधला काळ २६ आठवड्यांवरून ५ वर आला. पुढे माहितीची मोहीम थांबवली, पथक तसंच चालू होतं, तरी तो परत १५ आठवड्यांवर गेला. म्हणजे एका वर्षाच्या निधीने हे होत नाही, सतत करावं लागतं. आणि १० वर्षांनी बघितलं तर त्या भागातले साधारण ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते, बाकीच्या भागांत १५.

हिशेबी:
सततचा मुद्दा फार महत्त्वाचा. टोरांटोच्या एका मोठ्या पुलावर आत्महत्या रोखायला २००३ मध्ये उंच कठडा बांधला. पहिल्या चार वर्षांच्या अभ्यासात शहरात उडी मारून होणाऱ्या आत्महत्यांचा एकूण आकडा हललाच नाही म्हणून टीका झाली, मग ११ वर्षांच्या अभ्यासात पुलांवरून होणाऱ्या आत्महत्यांत घट दिसली. दोन वर्षांनी रिझल्ट मागणाऱ्या बजेटात अशा गोष्टी बसतच नाहीत.

कातळ:
नॉर्वेचं वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. तसा फोन नंबर आम्हाला माहीत असता तर आम्ही नक्की केला असता, हे मान्य. फोन करून बोलावता येईल अशा पथकासाठी राखीव निधीला माझा पाठिंबा आहे. शाळेतल्या सरसकट कार्यक्रमांना अजूनही नाही.

पण याची दुसरी बाजू तुम्ही कुणी मांडली नाही म्हणून मी मांडतो. डेन्मार्कमध्ये नव्या रुग्णांना दोन वर्षं असंच खास पथक दिलं होतं, दोन वर्षांनी ते रुग्ण इतरांपेक्षा चांगले होते. मग नेहमीच्या सेवेत पाठवले आणि पाच वर्षांनी बघितलं तर लक्षणांतला तो फरक पुसला गेला होता. तेव्हा निशिगंध, तुमच्या त्या हेडमध्ये पहिला फोन कोण उचलणार एवढंच लिहू नका. पथकाची मुदत संपली की त्या माणसाची फाइल कुणाकडे जाणार, इंजेक्शनची तारीख कोण लक्षात ठेवणार, तो आला नाही तर घरी कोण जाणार, हे त्याच ठरावात पदांसकट लिहा. ते लिहिलेलं असेल तर मी सही करायला येतो, आईलाही आणतो.