मदत हवी आहे: डोळ्यांवरून मन ओळखायच्या चाचणीसाठी आपल्याकडचे फोटो

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा, मानसशास्त्रात एम.ए. करतोय.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांची चाचणी बऱ्याच जणांना माहीत असेल: फक्त डोळ्यांचा फोटो बघून त्या माणसाच्या मनातलं चार पर्यायांतून ओळखायचं. २००१च्या आवृत्तीत असे ३६ फोटो आहेत. २०१०मध्ये जपानी आणि गोऱ्या अमेरिकी लोकांवर एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) करून असाच प्रयोग झाला. दोघांनाही आपल्या माणसांचे डोळे जास्त बरोबर वाचता आले, आणि तेव्हा मेंदूच्या बाजूला असलेल्या सुपीरियर टेम्पोरल सल्कस या खाचेचा मागचा भाग अधिक सक्रिय दिसला.

अडचण अशी की मूळ फोटो सगळे गोऱ्यांचे. ते केज-परळीच्या आज्यांना दाखवले अन् त्या चुकल्या, तर त्यातून काय ठरणार? (स्कॅनरचा विषयच नाही, माझं काम कागदावरचं.)

भारतीय चेहऱ्यांचा तयार संच कुणी वापरलाय का? नसेल तर स्वतः काढलेल्या फोटोंचं बरोबर उत्तर ठरवायला परीक्षक किती घ्यावेत? पदर घेतलेल्या बायांचा फोटो कापताना पदर ठेवायचा का? गाईड म्हणतात काढा. मला पटत नाही, आमच्याकडं अर्धा भाव पदर ओढण्यातच असतो.

अंगठा लावणाऱ्यांसाठी संमतीपत्राचा नमुना असेल तर तोही टाका.