वर्डप्रेसवर फोटो दोन हजार आणि फाइली अठरा हजार, काय उडवू?

वाडेप्रेमी_पेठ:
नमस्कार मंडळी, आम्ही काही जण मिळून पुण्यातल्या कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांचे फोटो जमवतोय, साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. आता होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की इनोड लिमिट भरत आलंय, म्हणजे जागा आहे पण फाइलींची संख्या जास्त झाली म्हणे. फोटो आहेत साधारण २००० आणि अपलोड्स फोल्डरमध्ये फाइली १८,००० च्या आसपास, मधल्या एवढ्या आल्या कुठून? मीडिया लायब्ररीत 'अनअटॅच्ड' फिल्टर लावला की बरेच फोटो दिसतात, ते उडवले तर चालेल का? आणि काही फोटोंना मराठीत नाव दिलं तर लिंक पाठवताना नुसती टक्क्यांची चिन्हं आणि आकडे येतात. यातले कितीतरी वाडे आता पडलेत, तिथे इमारती उभ्या राहिल्यात, त्यामुळे एकही फोटो गमवायचा नाहीये.

सर्व्हरवाला_कोथरूड:
अनअटॅच्डला अजिबात हात लावू नका! वर्डप्रेस फक्त एवढंच लक्षात ठेवतं की फोटो कुठल्या पोस्टला जोडलाय, तो कुठे कुठे वापरलाय ते नाही. थेट लायब्ररीत चढवून नंतर पेज बिल्डरमधून किंवा विजेटमध्ये लावलेला फोटोसुद्धा तिथे अनअटॅच्डच दिसतो, उडवलात की पानावर भोक.

फाइली वाढल्या त्या साइजमुळे. एक मोठा फोटो टाकला की वर्डप्रेस स्वतःच १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ पिक्सेलच्या अशा कॉप्या करतं, आणि २०१९ मधल्या ५.३ पासून २५६० पिक्सेलच्या वरचा फोटो असेल तर त्याची 'स्केल्ड' कॉपी वेगळी आणि ओरिजिनल पण तसाच ठेवतं. थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा भाग, आपल्या साइज घालते त्या वेगळ्याच. सेटिंग्जमध्ये मीडियात जाऊन नको त्या साइजला शून्य टाका, ७६८, १५३६ आणि २०४८ मात्र तिथे दिसत नाहीत, त्या कोडने किंवा प्लगइनने (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) बंद कराव्या लागतात. हे सगळं पुढच्या फोटोंसाठी झालं. आधीच्या कॉप्या काढायला 'रीजनरेट थंबनेल्स' या प्लगइनमध्ये बंद केलेल्या साइज डिलीट करायचा पर्याय आहे, पण एखाद्या लेखात नेमकी तीच साइज लावलेली असेल तर फोटो तुटतो, म्हणून आधी अपलोड्स फोल्डर आणि डेटाबेस (लेख आणि फोटोंच्या नोंदी असतात तो) दोन्हींचा बॅकअप घ्या, एकाचा घेऊन उपयोग नाही.

फोटोकाका:
वरचं सगळं बरोबर आहे, पण मला मुळातच वेगळं सांगायचंय. वेबसाइट ही दाखवायची जागा आहे, जपायची नाही. ओरिजिनल साइटवर ठेवूच नका. हार्ड डिस्कवर दोन कॉप्या, आणि त्या दोन वेगळ्या घरांत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत घराघरांत पाणी शिरलं, ज्यांचे अल्बम गेले त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. जुने छापील फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफमध्ये ठेवा आणि साइटवर फक्त लहान जेपेग किंवा वेबपी चढवा.

व्हॉट्सॅपवर लोकांना सांगा की फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून आला की क्वालिटी उतरते आणि कधी काढला ही आतली माहितीही जाते. मात्र डॉक्युमेंटमध्ये लोकेशनही येऊ शकतं, आणि वर्डप्रेस ओरिजिनल फाइलमधून ते काढत नाही, तेव्हा राहत्या घरातले, मुलाबाळांचे फोटो असतील तर चढवायच्या आधी ते पुसा.

नावाचं म्हणाल तर देवनागरीतल्या एका चिन्हाची लिंकमध्ये नऊ अक्षरं होतात, काना वेगळा मोजला जातो म्हणून 'वाडा' एवढ्यालाच छत्तीस! म्हणून फाइलचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, पेठ-वाडा-साल-क्रमांक असं, आणि मराठी सगळं टायटल, कॅप्शन, ऑल्ट टेक्स्टमध्ये. तिथे हात आखडू नका. नुसतं 'दरवाजा' लिहिलं तर दहा वर्षांनी कुणालाच कळणार नाही, 'दिंडी दरवाजा, वर गणेशपट्टी, रस्त्याच्या बाजूने' असं लिहा, फोटो कुणी दिला तेही लिहा.

सर्व्हरवाला_कोथरूड:
काकांना अनुमोदन. फक्त जुन्या फाइलींची नावं एफटीपीवरून, म्हणजे थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जाऊन, बदलू नका हं, डेटाबेसमध्ये जुनंच नाव राहतं आणि सगळ्या लिंक तुटतात. 'एनेबल मीडिया रिप्लेस' या प्लगइनने बदला, ते लिंकही बदलून देतं.

वाडेप्रेमी_पेठ:
खूप आभार दोघांचे! आधी बॅकअप, मग ओरिजिनल डिस्कवर, साइज त्यानंतर. काका, एक विचारायचं राहिलं, काही वाड्यांना दोन नावं आहेत, मूळ मालकाचं एक आणि नंतर विकत घेणाऱ्याचं दुसरं, फाइलला कुठलं द्यायचं?

फोटोकाका:
फोटो काढला त्या वेळी लोक जे म्हणत होते ते फाइलला, आणि कॅप्शनमध्ये दोन्ही. शोधणारा दोन्हीपैकी कुठलंही टाकेल, त्याला सापडलं पाहिजे.