साकुराजिमा: स्फोट की फिरते वजन?

ज्वालामुखीखाली मॅग्मा (वितळलेला खडक) कसा हलतो हे बघायला जमिनीतून कंपनलहरी पाठवतात. मग त्यासाठी सुरुंग का नको, असं कुणी विचारेल. सुरुंग तंतोतंत तसाच पुन्हा उडवता येत नाही. म्हणून जपानमधल्या साकुराजिमा ज्वालामुखीवर २०१२ मध्ये ‘अ‍ॅक्रॉस’ नावाची, जमिनीला तंतोतंत तसेच हादरे पुन्हापुन्हा देणारी कंपनयंत्रं बसवली. मध्यापासून सरकवलेलं वजन जीपीएसच्या घड्याळाशी जुळवून फिरवायचं. वेग दुप्पट केला की बल चौपट. तरी दूरच्या भूकंपमापकावर यंत्राचा संकेत जमिनीच्या इतर कंपनांच्या गोंगाटात बुडतोच. शंभर आवर्तनांची सरासरी काढली की गोंगाट दहापट घटतो, संकेत मात्र टिकतो. मग लहरींच्या प्रवासवेळेतला आणि आकारातला सूक्ष्म बदल पकडायचा. खरी डोकेदुखी पाऊस! यंत्राभोवतीची माती भिजली की लहरींचा आकार बदलतो आणि मॅग्मा हलल्याचा भास होतो. त्यामुळे यंत्राला लागून एक संदर्भ-मापक हवाच. दूरच्या मापकाची नोंद त्याच्या नोंदीने भागून हा परिणाम बराच वेगळा काढता येतो.