स्टेपनी मागच्या दारावर की गाडीखाली?

घाटमाथा
"मागच्या दारावर स्टेपनी लावणे हा निव्वळ मिरवण्याचा प्रकार आहे, शहाणा माणूस ती गाडीखालीच ठेवतो," असे काल येथे एका सदस्याने लिहिले आणि अनेकांनी त्यास मान डोलावली, म्हणून हे सविस्तर उत्तर. तीन वर्षांपूर्वी, आषाढात, गगनबावड्याहून कोल्हापूरला परतताना आमच्या गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी गाडीखाली होती. बंपरवरच्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की ती तारेवर खाली उतरावी, अशी व्यवस्था. परंतु चिखलाने आणि गंजाने ती घट्ट धरली होती. वडील रस्त्याकडेला छत्री धरून उभे आणि मी भर पावसात गाडीखाली पाठीवर झोपून दीड तास हातोडी मारत होतो. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही, त्यांनी बोलेरो, थार, जिम्नी यांच्या पाठीवरच्या चाकाला मिरवणे म्हणू नये.

उद्यमनगरी
वडिलांना त्रास झाला याचे वाईट वाटते, पण दोष जागेचा नसून देखभालीचा आहे. वर्षातून दोनदा तार खाली सोडून ग्रीस लावले असते, तर ती अडकली नसती. आपण नावे घेतलेल्या गाड्यांची मागची दारे बाजूला उघडतात आणि त्यांच्या बिजागऱ्या त्या वजनासाठीच घडवलेल्या असतात. आमच्या शेडमध्ये मात्र लोक वर उघडणाऱ्या दाराच्या गाड्या आणून पत्र्यावर ब्रॅकेट मागतात. रिमसह चाक पंचवीस-तीस किलोंचे. दार उचलून धरणारे गॅसचे दांडे त्यासाठी केलेले नसतात आणि प्रत्येक खड्ड्याला बोल्टांभोवतीचा पत्रा ताण खातो. गेल्या वर्षी असे एक ब्रॅकेट मी स्वतः लावले. सहा महिन्यांत पत्रा चिरला, मी पैसे परत केले आणि ते काम कायमचे बंद केले. शिवाय जिम्नीची 3985 मिलिमीटर लांबी त्या चाकासह धरलेली आहे. तुम्ही मागून चाक जोडलेत की गाडीची लांबी बदलते आणि नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल रोखणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते.

रंकाळाकाठ
आपण दोघे जागेवरून भांडत आहात, पण स्टेपनीचे वय कोणी पाहिले आहे का? टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. माझ्या बोलेरोच्या पाठीवरची स्टेपनी नऊ वर्षे ऊन खात होती, नक्षी मात्र कोरी करकरीत. आंबा घाटात ती चढवली आणि मलकापूर येण्याआधीच ती कडेला फाटली. गाडीत माझी दोन मुले होती.

उद्यमनगरी
म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. गाडीखाली सावली असते.

रंकाळाकाठ
काहीही सिद्ध झालेले नाही. गाडीखालची स्टेपनी दिसतच नाही, म्हणून तिची हवाही कोणी तपासत नाही. उन्हावर जाड कव्हर हा उपाय आहे. विस्मरणावर आपल्या शेडमध्ये कोणता उपाय मिळतो, ते सांगावे.

राजारामपुरी
तिन्ही बंधूंनी गृहीत धरले आहे की चाक उचलणारा धडधाकट पुरुषच असणार. मला ते दारावरूनही उतरवता येत नाही आणि खालूनही ओढता येत नाही. उलट दारावरच्या चाकाने आरशातले निम्मे दृश्य झाकते. 2020 च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते.

घाटमाथा
ताई, उचलण्याची अडचण खरी आहे, मी तिचा विचारच केला नव्हता. पण तो संच खिळ्याच्या भोकापुरताच. घाटातल्या दगडाने टायरची कड कापली की त्याचा उपयोग नाही. तेथे पूर्ण चाकच लागते.

उद्यमनगरी
याबाबत घाटमाथा यांच्याशी सहमत व्हावे लागत आहे.

घाटमाथा
आज सकाळी तार खाली सोडली आणि ग्रीस लावले. तेवढे आपले मान्य. टायरवर 1416 निघाले, उद्या नवा घेतो. पुढची गाडी मात्र पाठीवर चाक असलेलीच घेणार.