मदत हवी आहे : पीएसएलव्हीची कागदी प्रतिकृती उडवण्यायोग्य कशी करावी?

छापखानेवाले, सांगली :

नमस्कार. उपग्रह अवकाशात नेणाऱ्या इस्रोच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाची १:१०० प्रमाणातील कागदी प्रतिकृती आमच्याकडे तयार आहे. मूळ प्रक्षेपक सुमारे ४४ मीटर उंच आणि खालच्या टप्प्यांत २.८ मीटर व्यासाचा असल्यामुळे प्रतिकृती ४४ सेंटिमीटर उंच आणि २८ मिलिमीटर व्यासाची झाली आहे. भाचीच्या शाळेत २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन साजरा होतो, आणि ही प्रतिकृती टेबलावर नुसती उभी न राहता मैदानावर उडालीही पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. छपाई, कापणी आणि चिकटवणी ही माझ्या व्यवसायातली कामे असल्याने प्रतिकृती पुन्हा नव्याने करण्याची माझी तयारी आहे, परंतु उड्डाणाचे शास्त्र मला येत नाही.

बंदुकीच्या दारूसारख्या इंधनाचा विचार मी केलेला नाही. परदेशात हौशी मंडळींना १८ मिलिमीटर व्यासाच्या, एकदाच वापरायच्या तयार रॉकेट-मोटारी, म्हणजे इंधन भरलेल्या नळ्या, दुकानात मिळतात. आपल्याकडे स्फोटक पदार्थ बनवणे आणि बाळगणे १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम यांखाली परवान्याच्या कक्षेत येते, आणि दिवाळीचा बाण आत बसवण्याचा सल्ला देणाऱ्या स्नेह्यांना मी हात जोडले आहेत. त्यामुळे दाबलेल्या हवेवर प्रतिकृती उडवावी, असे ठरवले आहे.

माझ्या अडचणी अशा. मूळ पीएसएलव्हीला पंख नाहीत. पहिल्या टप्प्याच्या नोझलमध्ये, म्हणजे ज्वाळा बाहेर पडण्याच्या तोंडात, एका बाजूने स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचे द्रावण सोडून ज्वाळेची दिशा किंचित वळवतात आणि त्यावर प्रक्षेपक सरळ ठेवला जातो, असे वाचले आहे. कागदी प्रतिकृतीत हे शक्य नसल्याने पंख लावणे भाग आहे, मात्र पंख लावले की ती पीएसएलव्ही दिसत नाही. दुसरे म्हणजे, बाजूच्या सहा छोट्या बूस्टरांचे, म्हणजे जादा जोर देणाऱ्या जोडरॉकेटांचे, काय करावे? तिसरी अडचण ऑगस्टच्या दमट हवेची आहे. हवेच्या नळीवर प्रतिकृती टोपीसारखी बसवायची, तर दोहोंमधील फट एक मिलिमीटरहून कमी हवी आणि पावसाळ्यात कागदाची मापे बदलतात. हवा कोठे आणि किती दाबाने साठवावी, हेही सांगावे. शेतीच्या पीव्हीसी पाइपची टाकी करावी, असा माझा प्राथमिक विचार आहे.

घाटवाट, सातारा :

छापखानेवाले, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देतो, कारण त्यात धोका आहे. पीव्हीसी पाइपमध्ये दाबलेली हवा साठवू नये. त्या पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून पाइप फुटला तरी जोर लगेच ओसरतो, तर हवा फुटताना पसरते आणि ठिसूळ पीव्हीसीचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात. त्याऐवजी शीतपेयाची दोन लिटरची बाटली वापरावी. ती आतल्या वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते आणि निकामी झाली तरी बहुधा फाटते, तिचे तुकडे होत नाहीत. तरीही बाटली ओरखडा नसलेली घ्यावी, तिला गोणपाट गुंडाळावे आणि दाब एक बारच्या, म्हणजे साधारण १५ पीएसआयच्या, वर नेऊ नये. दाबमापक असलेला सायकलचा पंप पुरेसा आहे.

एवढा दाब कमी वाटेल, म्हणून हिशेब देतो. पीव्हीसीची २५ मिलिमीटर बाह्यव्यासाची नळी प्रक्षेपणनळी म्हणून चालेल, कारण तिचे तोंड उघडे असते आणि तिच्यात दाब क्षणभरच राहतो. तिच्यावर बसणाऱ्या कागदी नळीचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे एक बार दाबाला ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलो वजनाइतका, जोर मिळतो. प्रतिकृती ६० ग्रॅमची असेल आणि हा जोर ३० सेंटिमीटर अंतरभर टिकला, तर नळी सोडताना वेग सेकंदाला २२ मीटरच्या आसपास येतो आणि हवेचा अडथळा नसता तर उंची २५ मीटर मिळाली असती. प्रत्यक्षात ती कमीच मिळेल, पण शाळेच्या मैदानाला तेवढी पुरे.

हा ५ किलोचा जोर कोठे बसतो, याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जात नाही. तो बाहेरच्या रंगीत आवरणावर येत नाही, आतल्या नळीचे वरचे टोक बंद करणाऱ्या चकतीवर येतो. ती चकती नुसती काठावर चिकटवली, तर पहिल्याच उड्डाणात नाकासह निघून जाईल आणि बाकीचे यान नळीवरच राहील. म्हणून जाड पुठ्ठ्याच्या तीन-चार चकत्या एकावर एक चिकटवून नळीच्या आत बसवाव्यात आणि वरून फेविकॉलचा जाड थर द्यावा. आतली नळी पहिल्या दोन टप्प्यांपुरती, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर लांब ठेवता येते, कारण तिथवर व्यास एकच आहे.

बूस्टर निःशंकपणे काढून टाकावेत. ते तळाशी वजन वाढवून गुरुत्वमध्य, म्हणजे यान ज्या बिंदूवर तोलले जाते तो, मागे ओढतात आणि अडथळाही वाढवतात. बूस्टरांशिवायचा पीएसएलव्ही प्रत्यक्षात उडालेला आहे, २३ एप्रिल २००७ ची सी-८ मोहीम ही त्या प्रकारातली पहिली, त्यामुळे आपली प्रतिकृती खोटी ठरत नाही.

पंख पारदर्शक करावेत. स्पायरल बाइंडिंगला वरून लावतात ते प्लॅस्टिकचे आवरण आपल्याकडे असेलच. बाहेरच्या आवरणाला बारीक चिरा देऊन पंखाची दुमड आत सरकवावी, ती काचकागदाने खरबरीत करून अरल्डाइटने आतल्या नळीला चिकटवावी. फेविकॉल प्लॅस्टिकला धरत नाही. चार पंख, बुडाशी ६ सेंटिमीटर रुंद आणि बाहेर ३ सेंटिमीटर आलेले, एवढे पुरेत. माझ्या गणितानुसार दाबकेंद्र, म्हणजे हवेचा आडवा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, नाकापासून सुमारे ३४ सेंटिमीटरवर येते. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे किमान एक व्यास, म्हणजे ३ सेंटिमीटर, हवा आणि तो आपोआपच बराच पुढे येईल, असा माझा अंदाज आहे. म्हणून नाकात वजन भरण्याची घाई करू नये. पंख याहून मोठे केले तर यान वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवते, आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे वारा किती असतो हे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पाहिलेल्यांना सांगायला नको. तयार झाल्यावर गुरुत्वमध्याला दोरी बांधून यान डोक्याभोवती गरगर फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले तर ते उडवण्यायोग्य आहे.

बागाईतदार, तासगाव :

बाटली आणि नळी यांच्यामध्ये पाव फेऱ्यात उघडणारा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवा, ठिबकाच्या साहित्याच्या दुकानात मिळेल. त्याच्या दांडीला दोरी बांधून पाच-सहा मीटरवरून ओढावी. झटका द्यावा, हळू उघडल्यास हवा नळीच्या फटीतून वाया जाते. बाटलीला हवा भरण्यासाठी टायरचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह बुचाला भोक पाडून घट्ट बसतो. जोर कमी पडल्यास दाब वाढवू नका, यानाचे वजन कमी करा.

छापखानेवाले, सांगली :

आपणा दोघांचे मनापासून आभार. बूस्टर काढण्याचे भाचीला पटवताना सी-८ मोहीमच कामी आली. दमटपणाबद्दल मात्र कोणी लिहिले नाही, म्हणून माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून एक योजना मांडतो, ती तपासून पाहावी. कागद ओलाव्याने तंतूंच्या दिशेत फारसा वाढत नाही, तंतूंच्या आडव्या दिशेत वाढतो. नळी वळायला सोपी जावी म्हणून तंतू लांबीच्या दिशेने ठेवतात, आणि त्यामुळे ओलाव्याची सगळी वाढ परिघात होते. याचा अर्थ पावसाळी हवेत नळी सैल होईल, अडकणार नाही. उलट दमट दिवशी वळलेली नळी दिव्याखाली वाळवली, तर ती आकसून प्रक्षेपणनळीवर आवळून बसेल. तेव्हा कागद आधी खोलीत सुकवून, प्रक्षेपणनळीवर साध्या कागदाचा एक सैल फेरा ठेवून, त्यावर १२० जीएसएमच्या (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या) कागदाचे तीन फेरे घ्यावेत, नंतर तो सैल कागद ओढून काढावा आणि आतबाहेर वॉर्निशचा पातळ हात द्यावा, असा बेत आहे. यात काही चुकते आहे का?

घाटवाट, सातारा :

बेत योग्य आहे, फक्त आतल्या बाजूला वॉर्निश लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत नळीवर यान बसवू नये, चिकटेल. सैलपणामुळे गळती वाढली तर सुरक्षिततेत फरक पडत नाही, उंची थोडी घटते. नाकाचे टोक फोमचे ठेवा, कारण हवेवर उडणाऱ्या यानात हवाई छत्री (पॅराशूट) उघडण्याची सोय साधी नाही आणि ते नाकावरच उतरेल. मुलांना नळीपासून दूर उभे करा आणि वर विजेच्या तारा नाहीत, हे हवा भरण्यापूर्वी पाहा.