मदत हवी आहे: चाळीच्या फळ्यासाठी मुंबईतल्या येत्या सभा, बैठका आणि मुदती आधी कशा कळतील?

नमस्कार मंडळी,

भांडुप पश्चिमेला टेकडीच्या उतारावर आमची चाळ आहे. बत्तीस खोल्या, त्यांतली निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. परवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ग्रामपंचायतीची नोटीस आली: 1 मे रोजी ग्रामसभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा, विषय नळपाणी योजनेचा हिशेब आणि स्मशानशेडची दुरुस्ती. माझं मत भांडुपला आहे, गावच्या सभेत मला हात वर करता येत नाही. तरी तिथे कुठल्या दिवशी काय ठरणार ते मला पंधरा दिवस आधी माहीत असतं. मुंबईत तीस वर्षं राहते, इथे मत देते, आणि इथल्या एकाही सभेची तारीख मला ती होऊन जायच्या आधी कळलेली नाही.

हे मनाला का लागलं ते सांगते. महापालिका निवडणुकीसाठी प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा 22 ऑगस्ट 2025 ला प्रसिद्ध झाला. हरकती-सूचना द्यायची मुदत होती 4 सप्टेंबर. आणि गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, तिकिटं दोन महिने आधी काढलेली असतात आणि गौरी-गणपती पोचवल्याशिवाय कुणी मुंबईचं नाव काढत नाही. आमच्या चाळीत त्या पंधरवड्यात तीन खोल्यांना सोडून सगळीकडे कुलूप होतं. आमच्या पायवाटेच्या दोन्ही बाजूंचा सामाईक नळ एकच आहे, तेव्हा दोन्ही बाजू एकाच प्रभागात राहू द्या, एवढंच आम्हांला लिहून द्यायचं होतं. परत येऊन पिशव्या सोडतोय तर कळलं, मुदत संपली. मुदत रीतसर जाहीर झाली होती, त्यात कुणाला दोष देता येत नाही. आमच्यापर्यंत ती पोचली नाही, कारण ती पोचवायचं काम आमच्यातल्या कुणीच अंगावर घेतलेलं नव्हतं.

मग 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. त्याआधी पालिकेसाठी आम्ही मत दिलं होतं ते 21 फेब्रुवारी 2017 ला. तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती, माझं बोट धरून केंद्राबाहेर उभी राहिली होती. या वेळी तिने स्वतः मत दिलं आणि घरी आल्यावर विचारलं, "आई, आता हे लोक बसणार कुठे आणि काय बोलणार, ते आपल्याला बघता येतं का?" मार्च 2022 ते निवडणूक होईपर्यंत प्रशासकांचाच कारभार होता, त्यामुळे तिच्या वयाच्या मुलांनी सभागृह भरलेलं पेपरातही फारसं वाचलेलं नाही. मला तिला उत्तर देता आलं नाही.

म्हणून महिला मंडळात ठरवलं आहे की चाळीच्या तोंडाशी जो फळा आहे, ज्यावर आजवर पाणी येण्याची वेळ आणि कुणाच्या तेराव्याची सूचना एवढंच लिहिलं जायचं, त्याचा अर्धा भाग येत्या महिन्यातल्या नागरी आणि राजकीय कार्यक्रमांना द्यायचा. 1 मेपासून सुरुवात करायची आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

पालिकेच्या सर्वसाधारण सभेची आणि आमच्या प्रभाग समितीची तारीख व कार्यक्रमपत्रिका सामान्य माणसाला आधी कुठून मिळते? तिथे जाऊन बसता येतं का, की फक्त नगरसेवक आणि पत्रकार? लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे आपली तक्रार मांडायच्या दिवसाला, कुणी गेलं आहे का? आमच्या वरच्या वीस खोल्यांना पाणी दोरीसारखं बारीक येतं. मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले, दोन खिडक्या फिरले आणि अर्ज परत हातात घेऊन आले. विधान भवनात मुलांना एकदा कामकाज दाखवायचं आहे, पास कसा काढतात? मतदारयादीत नाव घालायच्या तारखा नेमक्या कुठल्या? जनगणनेचा घरयादीचा टप्पाही एप्रिल ते सप्टेंबर 2026 मध्ये आहे, प्रगणक दारात येतील तेव्हा दिवसा घरात कुणी नसतं, तेही फळ्यावर लिहावं म्हणते.

आणि एक अवघड प्रश्न. फळ्यावर पक्षांच्या सभा लिहायच्या की नाहीत? आमच्या चाळीत सगळ्या रंगांचे लोक आहेत. एकाच स्वयंपाकघरात नवरा एका पक्षाचा आणि बायको दुसऱ्या पक्षाची, असंही आहे. मला वाटतं, लिहायच्या तर सगळ्यांच्या, एकाच मापाच्या अक्षरात. पण मंडळातल्या काहीजणी म्हणतात, त्यातून भांडण होईल, फळा पुसला जाईल आणि पाण्याची वेळसुद्धा लिहिता येणार नाही. तुमच्या सोसायटीत काय करता?

— भांडुपची चाळकरी

प्रतिसाद: जुना लोकलवाला

ताई, पालिकेत काही वर्षं नोकरी केली आहे, तेवढ्यापुरतं सांगतो.

सभांची पत्रिका काढण्याचं काम महापालिका चिटणीसांच्या खात्याकडे असतं. सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा भरते, सीएसएमटीसमोरच्या मुख्यालयातल्या सभागृहात. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार सभा जनतेला खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा तर सभागृहाने तसं बहुमताने ठरवावं लागतं. तेव्हा मुलीला सांगा, बघता येतं. जायच्या आधी चिटणीस खात्यात विचारा, ओळखपत्र बरोबर ठेवा, आणि दुपार मोकळी ठेवा, कारण एखाद्याने हरकतीचा मुद्दा घेतला की तासभर सहज जातो. पण तेच ऐकण्यासारखं असतं.

पत्रिका मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे तुमचा नगरसेवक. 227 जणांपैकी प्रत्येकाला ती जातेच. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक, ठाण्यासारखे एका प्रभागात चार-चार नाहीत, त्यामुळे "ते माझ्याकडे नाही, शेजारच्याकडे आहे" असं कुणी म्हणू शकत नाही. मंडळाच्या दोघीतिघी एकत्र जा आणि सांगा, दर महिन्याची पत्रिका आम्हांला पाठवा. दुसऱ्या महिन्यात पुन्हा जा.

मात्र माझं मत विचाराल तर सर्वसाधारण सभेपेक्षा प्रभाग समितीवर जास्त लक्ष ठेवा. गटार, पायवाट, संरक्षक भिंत, सामाईक नळाची गळती, हे सगळं तिथे बोललं जातं. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कामांना ती समिती स्वतः मंजुरी देऊ शकते. शिवाय कायद्यात स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांच्या तीन प्रतिनिधींपर्यंत त्या समितीवर नेमायची सोय आहे. तुमचं महिला मंडळ नोंदणीकृत आहे का ते बघा. नसेल तर आधी ते करून घ्या.

अर्थसंकल्पाचं वर्ष एप्रिलला सुरू झालं, पण पुढच्या वर्षीसाठी तुमची पायवाट घालायची तर दिवाळीच्या सुमारास नगरसेवकाच्या हातात लेखी पत्र हवं. पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो. 2025-26 चा 74,427 कोटी रुपयांचा होता. त्यात तुमच्या पायवाटेचं नाव यायला ती कुणीतरी आधी मागितलेली असावी लागते.

प्रतिसाद: सायनकर

लोकशाही दिनाबद्दल, कारण मी दोनदा गेलो आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तुम्ही उपनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे तुमचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. शहर जिल्ह्याचं फोर्टात जुन्या कस्टम हाउसमध्ये. आम्ही पहिल्या वेळी चुकीच्या इमारतीत जाऊन उभे होतो. मे महिन्यात पहिला सोमवार 4 तारखेला आहे, पण तो आता हातातून गेला असं समजा, कारण विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. पुढचा सोमवार 1 जून. 17 मे रविवारी येतो, तेव्हा त्याच्या आधीच्या आठवड्यातच अर्ज देऊन पोच घ्या. फळ्यावर 1 जून लिहू नका, अर्जाची शेवटची तारीख लिहा. लोकांना उपयोग तिचाच होतो.

आता तुमच्या पाण्याचं. पाणी हा पालिकेचा विषय, त्यामुळे तो पालिकेच्या लोकशाही दिनात न्यायचा. त्याची तारीख आणि नमुना विभाग कार्यालयात विचारा. तिथे जाण्याआधी खालच्या पातळीवर अर्ज दिलेला असावा लागतो. म्हणजे जो अर्ज तुम्ही परत घेऊन आलात तो पुन्हा न्या, आवक विभागात द्या आणि शिक्का-क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दुसरी गोष्ट, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. वीस खोल्यांच्या सह्यांचा एक अर्ज दिलात तर तेवढ्यावरून तो बाजूला पडू शकतो. ज्यांना सगळ्यात कमी पाणी येतं अशा चार-पाच घरांनी आपापला वेगळा अर्ज द्यावा, खोली क्रमांक आणि पाण्याची वेळ लिहून. न्यायालयात असलेली प्रकरणं आणि नोकरीविषयक गाऱ्हाणी घेत नाहीत. आचारसंहिता असेल तर लोकशाही दिन होत नाही.

प्रतिसाद: गिरगाववाली

विधान भवनाचं मी सांगते, गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाची मुलं नेली होती.

पास आमदारांमार्फत मिळतो. पावसाळी अधिवेशन साधारण जूनअखेर किंवा जुलैत मुंबईत असतं, डिसेंबरचं हिवाळी नागपूरला. म्हणजे पावसाळी चुकलं तर पुढचं मुंबईतलं थेट अर्थसंकल्पी. अधिवेशनाची तारीख लागली की त्याच दिवशी आमदारांच्या कार्यालयात नावं आणि ओळखपत्रांच्या प्रती द्या. प्रेक्षक गॅलरीत मोबाइल नेता येत नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा, आमच्या दोघांचे चेहरे दारातच उतरले होते. जमलं तर प्रश्नोत्तराच्या तासाला न्या. मंत्री उभा राहतो आणि एखाद्या तालुक्यातल्या एका पुलाबद्दल उत्तर देतो, हे मुलांच्या लक्षात राहतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुमचा पाण्याचा प्रश्न सभागृहात यावा असं वाटत असेल तर अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांकडे जाऊन काही होत नाही. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो तो, खूप आधी द्यावा लागतो. मे महिन्यातच जा.

मतदारयादीसाठी वर्षात चार पात्रता तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पूर्ण होणाऱ्या मुलामुलींनी नमुना 6 भरायचा. घर बदललं किंवा नावात चूक असेल तर नमुना 8. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडतात, तेव्हा विधानसभेच्या यादीतली चूक आत्ताच काढा.

पक्षांच्या सभांबद्दल माझं ठाम मत आहे: लिहा. कोण कुठे बोलणार हे माहीत असणं वाईट कसं? फक्त पक्षाचं नाव, वेळ, ठिकाण. विशेषणं नकोत, चिन्ह नको, फोटो नको. आणि खडू एकीच्याच हातात नको, दर महिन्याला दुसरीच्या हातात द्या.

भांडुपची चाळकरी

तिघांचेही मनापासून आभार. काका, मंडळ नोंदणीकृत नाही, त्याचे कागद उद्यापासून गोळा करते. आणि सायनकर दादा, अर्ज द्यायची तारीख लिहायची, हे मला सुचलंच नसतं.

काल रात्री जेवणं झाल्यावर फळा पुसून पाच ओळी आखल्या. 1 मे, सकाळी हुतात्मा चौकात अभिवादन, ज्यांना यायचं त्यांनी माझ्याकडे नाव द्यावं, लोकलने एकत्र जाऊ. त्याखाली लोकशाही दिनाच्या अर्जाची मुदत, 15 मे धरून. मग 1 जुलैला अठरा पूर्ण होणाऱ्या चौघांसाठी नमुना 6. मग नगरसेवकांकडे कधी जायचं तो वार. पाचवी ओळ पक्षांच्या सभांसाठी रिकामी सोडली आहे, खडू या महिन्यात माझ्या शेजारणीकडे. तिने आत्ताच विचारलं, दोन पक्षांची सभा एकाच संध्याकाळी असेल तर वर कुणाची लिहायची? मी म्हटलं, जिची वेळ आधी तिची.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. यंदा गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि पुन्हा आम्ही सगळे गावी असू. त्या पंधरा दिवसांत एखादी मुदत आली तर ती बघून आम्हांला कळवणारं भांडुप, नाहूर, मुलुंडकडचं कुणी इथे आहे का? गावच्या घरी रेंज येते, फक्त मागच्या पडवीत उभं राहावं लागतं. निरोप टाका, मी रोज संध्याकाळी आरतीनंतर तिथे जाऊन बघेन.