म्हशीच्या दुधाला फेस येतो, साय आड येते

‘म्हशीच्या दुधाला फेसच धरत नाही, कॅपुचिनोसाठी पाकिटातलं टोन्ड आणा’ हे फेसाळ कॉफीबद्दलचं मत मला अर्धंच पटलं. फेस धरतात ती दुधातली प्रथिनं, आणि ती म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जास्तच असतात. आमच्याकडे सांगलीत रतिबाचं दूध आलं की आधी तापवायचं, ही घरची रीत. त्याच कोमट, साय धरलेल्या दुधात मी महिनाभर कॉफी मशीनची वाफेची नळी बुडवत बसलो. वर नुसते साबणासारखे बुडबुडे. आई म्हणाली, "अरे, कॉफी करतोयस की कपडे भिजवतोयस?"

मग तापवलेलं दूध रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी साय काढली, गाळून घेतलं आणि थंडगार असतानाच नळी लावली. दूध थंड असलं की हवा भरायला वेळ मिळतो. ६० अंशांच्या आसपास, म्हणजे भांड्याला हात टेकवेनासा झाला की थांबतो. फेस दाट, मऊ येतो. आणि हो, ही चव टोन्डला येतच नाही. काढलेली साय विरजणाला जाते, त्यामुळे आईचीही आता तक्रार नाही.